आईबापांना ठाऊक नसलेली

आपण हिला अक्कलदाढ म्हणतो.
इतोइगावात म्हणतात ओयाशिराझु,
आईबापांना ठाऊक नसलेली.
त्याच नावाचा कडाही आहे गावाबाहेर, थेट समुद्रात उतरलेला.
पूर्वी वाट त्याच्या पायथ्याशी होती, दोन लाटांच्या मधून पळायची,
आणि त्या पळापळीत, सांगतात,
बाप लेकराचा हात विसरे, लेकरू बापाचा.

रेइजी त्या कड्याच्या अलीकडे खेकडे उकडतो.
वय बावीस, डावा गाल फुगलेला,
तोंड एका बोटापलीकडे उघडत नाही,
तीन दिवस उजवीकडून नुसती पेज.

"ही बघ," मिनेगिशीबाई एक्स-रेवर पेन्सिल टेकवतात,
"उभं राहायचं तिथे आडवी झालीय.
शेवटची गाडी चुकलेला माणूस बाकावर पसरतो ना, तशी,
डोकं शेजारणीच्या बरगडीत.
आणि शेजारीण कोण? दहा वर्षं इमानाने चावणारी दाढ.
तिच्या कुशीत हा काळा ठिपका, दिसला?
हिरडीची अर्धी चादर ओढून झोपलीय ही.
चादरीखाली भात जातो, ब्रश जात नाही.
म्हणून पू. म्हणून महिन्याआड हाच ठणका."

"मग उजवीकडचीही काढायची?"
"ती कशाला? सरळ आहे, मुकाट आहे, चावते.
उशिरा आली म्हणून कुणाला हाकलतात होय?"

मग पेन्सिल खाली सरकते, एका करड्या रेघेवर.
"ही ओठाची नस. मुळं अजून तिच्यावर रेललेली नाहीत.
तिशीनंतरही काढता येईल,
पण तेव्हा हाड राठ झालेलं असेल आणि मी सत्तरीची.
आताही ओठ काही दिवस बधिर राहू शकतो,
क्वचित कायमचा. हे सांगायलाच हवं.
आज काही करत नाही. आधी सूज उतरू दे.
या गोळ्या, आणि पुढच्या मंगळवारी ये.
इथे सही."

सहीच्या वर एक रकाना होता: घरी कुणाला कळवायचं?
तो त्याने कोरा ठेवला.

मंगळवारी तिचे तीन तुकडे झाले.
दुखलं नाही. ऐकू आलं.
कवटीच्या आत कुणी फुगलेलं दार
खांद्याने ढकलत असल्यासारखं.
दोन टाके, कापसाचा बोळा,
आणि दाढेच्याच आकाराची प्लास्टिकची डबी,
लहान मुलांना देतात ती. बाईंनी न विचारताच हातात ठेवली.

रात्री तोयामाहून फोन.
"हं," तो म्हणाला. एवढंच जमत होतं.
"कुठली? खालची?" हात्सुए म्हणाली.
"हं."
"माझीही आडवीच होती. तू चाळीस दिवसांचा होतास.
तू रडलास की मी नुसती हुंकारत बसायची, टाक्यांसकट.
अगदी असाच आवाज."

पलीकडे तिने नळ बंद केला.
"कॉलेजचं पत्र जूनमध्येच आलं होतं," म्हणाली.
"बाबांच्या हाती पडू दिलं नाही."
मग घाईघाईने, जणू फोनचे पैसे उडताहेत:
"गार काहीतरी खा. खळखळून चूळ भरू नकोस.
गुठळी सुटली ना, तर हाड उघडं पडतं,
आणि मग जे दुखतं..."

दुधाचा खालचा दात पडला की छपरावर फेकायचा,
म्हणजे मागून येणारा सरळ वर येतो.
हे तिनेच शिकवलेलं, कडेवर उचलून, एक दोन तीन म्हणत.

तो डबी घेऊन बाहेर आला.
छपरावर फेब्रुवारीचं बर्फ होतं, समुद्र काळा.
हिच्या मागून कुणी यायचं नव्हतं.
डबी खुळखुळवत तो तसाच उभा राहिला,
उरलेले खेकडे झाकायचे होते, तेही विसरून.
ओठ अजून त्याचा झाला नव्हता.
लाळ जॅकेटवर ओघळत होती,
त्याला कळत नव्हतं.